यादीत नसलेली कंबर

बिरसी,
१४ जुलै २०२४

रामलालभाऊ यांना चैतरामचा राम राम.

फोन सोडून पत्र लिहितो म्हणून हसू नका. मागच्या आठवड्यात फोन लावला तर तुम्ही पाच मिनिटं "कोन बोलून राहिला?" एवढंच विचारत होते. मी माझं नाव इतक्या जोरात सांगितलं की शेजारची माणसं पाहायला आली. तुमच्या जावयाच्या फोनवर लिहून पाठवता आलं असतं, पण ते आधी जावई वाचणार, मग आचल वाचणार, मग तुम्हाला अर्धं सांगणार. हे तुमच्या-माझ्यातलं आहे.

अक्षर वाकडं आहे, कारण उताणा पडून लिहितो. पोटावर परीक्षेचा पुठ्ठा ठेवला आहे. पेन उलटं धरलं की शाई येत नाही, म्हणून पेन्सिल. बसता दहा मिनिटं येतं, त्यानंतर डावा पाय पेटतो आणि मग बधिर होतो. दिवसभर पत्र्याच्या फटीतून इथल्या विमानतळावरची शिकाऊ विमानं पाहतो. एकच विमान त्याच गावावरून वीस वेळा फिरतं. रुख्मा म्हणते, तुम्ही मिलमध्ये तेच केलं.

नागपूरला मशीनमध्ये घालून फोटो काढला. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुटून बाहेर आली आहे, ती पायाची शीर दाबते. वरच्या दोन गाद्याही झिजल्या आहेत. डॉक्टरने माझं वय विचारलं. शेहेचाळीस म्हटलं तर त्याने फोटो परत उजेडात धरला.

मी मिलवर केस टाकली आहे. प्रेरणा टेंभरे म्हणून वकीलबाई आहेत, तरुण आहेत, पण कागद वाचतात. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो, कारण त्यात तुम्हीही आहात. कायद्याच्या मागे एक यादी जोडली आहे, कोणत्या कामाने कोणता रोग होतो त्याची. रोग त्या यादीत असला की कामगाराला फार सिद्ध करावं लागत नाही. मोठ्या आवाजाने गेलेले कान त्या यादीत आहेत. ओझ्याने गेलेली कंबर नाही. तुम्ही वीस वर्षं तांदळाचा पॉलिशर चालवला, मी बावीस वर्षं त्याच मिलमध्ये तांदळाने भरलेले कट्टे पाठीवर वाहिले, तुमच्या माझ्यात एक भिंत होती. सरकारला भिंतीच्या त्या बाजूचं दिसलं, या बाजूचं नाही.

यादीत नाही म्हणून अपघात दाखवावा लागेल. अपघाताला तारीख लागते, पाहणारा लागतो. मी बाईंना म्हटलं, रोज दीडशे-दोनशे कट्टे पाठीवरून गेले, त्यातला कोणता सांगू? त्या म्हणाल्या, एक तरी सांगा. तर ९ जानेवारी सांगितली. मॅनेजर भुपेंद्रबाबूंनी लिहून दिलं आहे की त्या दिवशी काहीच झालं नाही, चैतराम आपल्या पायाने घरी गेला.

टोळीतले सारे अजून तिथेच कामाला आहेत, कोणी बोलणार नाही. मिल सोडलेले तुम्ही एकटे. दोन गोष्टी कोर्टात सांगा. एक, मी त्या दिवशी ट्रकला लावलेल्या फळीवरून पडलो. दुसरी, तुमच्या पायाखाली टोळीतली किती माणसं येत होती. तुमच्याइतक्या कंबरा गोंदियातल्या कोणत्या डॉक्टरने पाहिल्या असतील?

तुमचा,
चैतराम

◆

अर्जुनी मोरगाव,
२८ जुलै २०२४

चैतराम भाऊजींना रामलालचा नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन आधी शेजारी देऊन गेला, कारण त्याने हाक मारली ती मला ऐकू आली नाही. तुमची पेन्सिल फिकी आहे, उन्हात नेऊन वाचलं.

मी येणार. तुम्ही विचारायलाच नको होतं. माझी धाकटी बहीण तुमच्या घरात आहे.

किती माणसं येत होती म्हणता? तुम्हाला सोडून चौदाच्या टोळीतली अकरा. बोटावर मोजून सांगतो. गुड्डू महिन्यातून दोनदा. धर्मेंद्र, जो मिल सुटल्यावर बसस्टँडजवळ चहा विकतो, तो तर माझ्या पायाशिवाय सोमवार पाहत नव्हता. रोशन साऱ्यांत लहान, पंचविशीचा, लग्नाच्या आधीपासून कंबर धरून चालतो. बाकीच्या आठांची नावं मागच्या पानावर लिहिली आहेत, कोण किती वर्षं येत होता तेही. जे तीन येत नव्हते त्यांतला एक नवा होता आणि दोघांना लाज वाटायची.

मी आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलो, हे काही मी ठरवलं नव्हतं. पायाळूचा पाय लागला की कमरेची चमक उतरते, असं लोक मानतात आणि मीही मानतो. मंगळवार आणि शनिवार, जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या बारदान्यावर पालथं पडायचं, डावा पाय, तीनदा. आईने एकच सांगितलं होतं की पायाचं कोणाकडून काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. घेतलं की गुण जातो. वीस वर्षांत मी बिडी घेतली नाही, विचारा कोणालाही. शेठच्या कारकुनालाही पाय दिला आहे, तो तर दिवसभर खुर्चीवर बसायचा.

तुम्हाला तारीख आठवते, मला वारही आठवतो. मंगळवार होता. पॉलिशरच्या दारातून ट्रक समोर दिसतो. फळी दवाने ओली होती आणि ट्रक निघायची घाई होती म्हणून तुमच्या पाठीवर दोन कट्टे दिले होते. तुम्ही कट्ट्यांसकट खाली आले. टोळीने तुम्हाला बारदान्यावर पालथं घातलं. मी मशीन तसंच चालू ठेवून आलो आणि पाय ठेवला. तिसऱ्यांदा भार जरा जास्त दिला, कारण कंबर लय धरली होती. तुम्ही हात आपटला. तेवढ्यात रोशन माझा दंड ओढू लागला, त्यालाही पाय हवा होता, मी त्याला म्हटलं थांब, पाळीने. मग तुम्ही शांत झाले. मी म्हटलं, उतरली चमक.

हे सारं मी कोर्टात सांगीन. माझ्या कानाची केसही चालू आहे. एप्रिलमध्ये मशीनचा पट्टा तुटायच्या आधी किंचाळला तो मला ऐकू आला नाही, म्हणून घरी बसवलं. आता म्हणतात कान वयाने गेले. आचल घरात टीव्ही मोठा करू देत नाही, मी माणसांचे ओठ पाहून बातम्या पाहतो.

इकडे धानाची रोवणी अर्धी झाली. रुख्माला आशीर्वाद.

रामलाल

◆

बिरसी,
२ सप्टेंबर २०२४

रामलालभाऊ यांना राम राम.

आज पोळा. बैल आमच्याकडे उरले नाहीत, पण रुख्माने दाराला तोरण लावलं आणि माझ्या खाटेलाही एक पान खोचलं. म्हणाली, घरात बांधलेलं एवढंच जनावर आहे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अकरा जणांची नावं मी बाईंना तोंडी सांगितली. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एकाची कंबर गेली तर कोर्ट म्हणेल त्याचं नशीब. चौदांतल्या अकरांची गेली तर ते काम आहे. यादीत रोग नसला तरी कामानेच झाला हे दाखवायला याहून चांगलं काही मिळणार नाही. त्यांनी तुमचं पत्र मागितलं. मी दिलं नाही. हरवलं म्हटलं.

कारण त्यात ९ तारखेच्या पायाचं लिहिलं आहे, आणि तेही नावांच्या पाठीमागच्या बाजूला, एकाच कागदावर. भाऊ, एक ऐका. कोर्टात अकरा जणांचं सांगा, फळीचं सांगा, दोन कट्ट्यांचं सांगा. फक्त त्या दिवशी माझ्यावर पाय ठेवला ते सांगू नका. इतर दिवशी ठेवत होते म्हणा, त्या दिवशी नाही. मिलचे वकील तरबेज आहेत. पडला कशाने, मोडला कशाने, असं विचारत बसतील. कायले त्यांच्या हातात काठी द्यायची?

मी बाईंनाही पायाचं सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हीही मनात काही आणू नका. रुख्माला तुमच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं चालत नाही, तुम्हाला माहीत आहे.

डॉक्टर ऑपरेशन म्हणतो. केस लागू द्या, मग पाहू.

चैतराम

◆

अर्जुनी मोरगाव,
२० नोव्हेंबर २०२४

चैतराम भाऊजींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. धान कापणी होती, मग गावची मंडई होती, जत्रेला पाहुणे होते. तब्येतही बरी नाही. छातीत भरल्यासारखं होतं, आचल म्हणते गॅस आहे.

तलाव यंदा काठोकाठ आहे. बदकं उतरली आहेत. दिसतात तेवढी पाहतो.

तुमचं पत्र मी पुष्कळ दिवस उशीखाली ठेवलं. तुम्ही लिहिलं मनात काही आणू नका. आणायचं नव्हतं तर लिहिलं काऊन? मला एवढंच विचारायचं आहे की तुमची कंबर नेमकी कशाने गेली, असं डॉक्टर म्हणतो? फोटोत ते दिसतं का? पडलेलं वेगळं आणि दाबलेलं वेगळं, असं त्यांना कळतं का? विचारून कळवा.

दिवाळीनंतर भुपेंद्रबाबू इकडे आले होते. पेढे आणले होते. कोणत्या कामाने आले ते सांगत नव्हते, तलाव पाहिला, चहा प्यायले. माझ्या कानाचं मिटवायचं म्हणतात. शेठच्या मनात कोणाचं वाईट नाही, असं कागदावर लिहून दाखवलं, कारण बोललेलं मला कळत नाही.

रुख्माला सांगा की भावाची तब्येत बरी नाही.

रामलाल

◆

बिरसी,
६ जानेवारी २०२५

रामलालभाऊ यांना राम राम.

तारीख लागली. २२ जानेवारी, बुधवार, सकाळी अकरा. आदल्या दिवशीच्या एसटीने या आणि इथेच मुक्काम करा. रुख्मा लाखोरीच्या डाळीचे वडे करणार आहे, तुमच्यासाठी तिखट जास्त.

तुम्ही विचारलं ते डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, फोटोत तारीख उमटत नाही. बावीस वर्षांत गादी इतकी झिजली होती की कशानेही फुटली असती, शिंकेनेसुद्धा. कट्ट्याने फुटली की दुसऱ्या कशाने, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणजे दोष कोणाचाच नाही आणि पूर्ण मिलचा आहे, असं मी समजतो. तुम्हीही तसंच समजा.

तुमच्या कानाचं मिटत असेल तर मिटवून घ्या. ते तुमच्या हक्काचं आहे. भुपेंद्रबाबूंचे पेढे खाल्ले असतील तर पाणी प्या.

चैतराम

◆

बिरसी,
२५ जानेवारी २०२५

रामलालभाऊ,

राम राम लिहीत नाही. रागावू नका, हात लिहीत नाही.

२१ तारखेला रुख्मा संध्याकाळच्या शेवटच्या एसटीपर्यंत फाट्यावर उभी होती. वडे आम्ही दोघांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मला गुड्डूने ऑटोत आडवं घालून आणलं. त्याने मिलमध्ये सासू आजारी असल्याचं सांगून सुट्टी घेतली होती. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर पडलो होतो. तुम्ही भुपेंद्रबाबूंच्या गाडीतून उतरले. तुम्ही मला पाहिलं. मी हात वर केला, तर तुम्ही चपलेचा पट्टा नीट करू लागले. तुमच्या चपलेला पट्टा कधीपासून आला? वीस वर्षं तुम्ही अंगठ्याची घालता.

आत काय झालं ते खिडकीतून ऐकलं. मिलच्या वकिलांचा प्रत्येक प्रश्न तुम्हाला ऐकू आला. ९ जानेवारीला चैतराम पडला का? नाही. त्याच्यावर दोन कट्टे दिले होते का? एकच देतात. टोळीतल्या माणसांना कमरेचा त्रास होता का? मला माहीत नाही. तुम्ही कोणाच्या पाठीवर पाय देत होते का? तुम्ही म्हणाले, असलं मी काही मानत नाही.

हे ऐकून गुड्डू हसला. खरंच हसला, मग तोंडावर रुमाल धरला. त्याची पाठ तुमच्या टाचेला ओळखते.

मग प्रेरणाबाई उठल्या. त्यांचा एकही प्रश्न तुम्हाला ऐकू आला नाही. तुम्ही कानाकडे बोट दाखवलं. त्या जवळ येऊन बोलल्या, तुम्ही बोट दाखवलं. त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले, तर तुम्ही म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा तुमच्या खिशात होता भाऊ, त्याची काडी मला बाकावरून दिसत होती.

साहेबांनी लिहून घेतलं आणि तुम्हाला जायला सांगितलं. ते मात्र लगेच ऐकू आलं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, त्यांच्या हातचं काही लिहिलेलं आहे का तुमच्याजवळ? एक ओळ असली तरी आत्ता परत बोलवते. तुमचं पत्र त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होतं. सोबत का नेलं होतं, मला माहीत नाही. मी म्हटलं, नाही.

मला एवढंच सांगा. तुम्ही माझं खोटं सांगितलं असतं तर समजलो असतो. अकरांचं काऊन सांगितलं नाही? त्यांनी तुमचं काय केलं होतं?

चैतराम

◆

अर्जुनी मोरगाव,
११ फेब्रुवारी २०२५

चैतराम भाऊजी,

माझं पत्र फाडणार असाल तर वाचून फाडा.

भुपेंद्रबाबू पहिल्यांदा आले तेव्हा नुसते पेढे होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा छापलेला कागद होता. त्यांनी वहीवर लिहून दाखवलं, चैतरामची कंबर तुमच्या पायाने मोडली असं आम्हाला कळलं आहे, कारकुनाने पाहिलं. आम्ही ते कोर्टात सांगितलं तर पोलीस तुम्हाला विचारतील. वैद्यकीचा कागद नसताना माणसाच्या मणक्यावर उभे राहिले, हा गुन्हा आहे. कितीची सजा आहे तेही लिहिलं. मग लिहिलं, तुम्ही कोणालाच पाय दिला नाही म्हटलं की तुम्ही सुटले, आम्हीही विसरलो, आणि कानाचा कागद याच महिन्यात होतो. एकाला दिला म्हटलं की बाकीचे अकरा मागे येतात. म्हणून सारेच पुसायचे.

मी भ्यालो. पण भ्यायला आधीच लागलो होतो, तुमच्या पोळ्याच्या पत्रापासून. तुम्ही लिहिलं, पायाचं सांगू नका. मी समजलो, हा मनात मलाच धरून आहे, फक्त बहिणीच्या तोंडाकडे पाहून गप्प आहे. तुम्ही खरं लिहिलं असतं तर मी येऊन तुमच्या पायाशी बसलो असतो. तुम्ही मला वाचवायला गेले आणि मला वाटलं तुम्ही मला धरून ठेवलं.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते सांगतो. त्या मंगळवारी तिसऱ्यांदा भार दिला तेव्हा माझ्या टाचेखाली काहीतरी सरकलं. चिखलात रुतलेली काडी पाय पडून मोडते तसं. वीस वर्षांत इतक्या पाठींवर उभा राहिलो, असं कधी लागलं नव्हतं. मी खाली पाहिलं, तुम्ही शांत होते. मी स्वतःला म्हटलं, चमक उतरली. त्या दिवसानंतर मी कोणाला पाय दिला नाही. रोशनने दोनदा विचारलं, मी म्हटलं पायाला फोड आहे.

तुम्ही त्या वेळी ओरडले असते तर मी थांबलो असतो. तुम्ही का ओरडले नाहीत, हे मी रोज स्वतःला विचारतो. माणूस इतका सोसतो कशाला?

आईने म्हटलं होतं पायाचं काही घेऊ नको. मी घेतलं. कानाचं म्हणून दिलं त्यांनी, पण ते पायाचंच होतं. आता इथे शेजारचा माणूस कंबर धरून आला तरी मी त्याला एसटीने गोंदियाला जा म्हणतो.

रामलाल

◆

बिरसी,
३ मे २०२५

रामलालभाऊ,

मी रुख्मा लिहिते. तुझ्या पत्राचं उत्तर आमच्याकडून आलं नाही, कारण ह्यांनी पेन्सिल ठेवून दिली. आता उजवा पायही बधिर होऊ लागला. पुठ्ठा पोटावर राहत नाही.

निकाल लागला. प्रेरणाबाईंनी मला ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला. हा रोग यादीत नाही. अपघात झाल्याचा दिवस सिद्ध झाला नाही. सोबतच्या कामगाराने असं काही झालं नाही म्हणून सांगितलं. सोबतचा कामगार म्हणजे तू. बाई म्हणाल्या, यादीत ओझ्याची कंबर असती तर दिवस लागला नसता, साक्षीदार लागला नसता, कोणाच्या पायाचा प्रश्नच आला नसता. त्या वरच्या कोर्टात जायचं म्हणतात. ही कंबर यादीत घालावी म्हणून ठिकठिकाणच्या हमालांचे अर्ज गोळा करून राहिल्या आहेत. ह्यांनी सही केली. मी विचारलं, किती वर्षं लागतील? बाई आपल्या पिशवीतले कागद नीट करू लागल्या.

तुझं पत्र यांच्या खिशातून मी काढलं. एका बाजूला अकरा नावं, दुसऱ्या बाजूला तुझा पाय. मी तेव्हाही म्हटलं होतं, द्या बाईंना, माझ्या भावाचं काय व्हायचं ते होवो. हे म्हणाले, तुला माहेर राहणार नाही. आता कंबरही राहिली नाही आणि माहेरही नाही. ते पत्र या पाकिटात घातलं आहे. तुझं तू ठेव, नाहीतर जाळ.

ह्यांनी मला शपथ घातली होती की एक गोष्ट तुला सांगायची नाही. शपथ मोडते. तू लिहिलं, ओरडले असते तर थांबलो असतो. ते ओरडले होते. "भाऊ, बस." पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा, दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा इतक्या जोरात की ट्रकवरची माणसं खाली उतरली. तू मशीनकडे तोंड करून उभा होता. रोशन आपली पाळी मागायला आला नव्हता, तुला ओढून काढायला आला होता. साऱ्या टोळीने ऐकलं, एका तुला ऐकू आलं नाही. हे मला म्हणाले, त्याचा काय दोष, त्याचे कान शेठने खाल्ले. ते कळलं तर तो जन्मभर जेवणार नाही, म्हणून सांगू नको. तू कोर्टात चष्मा लपवला त्या दिवशीही हेच म्हणाले. मी त्यांच्याइतकी चांगली नाही.

आचलने फोनवर सांगितलं की तुला कानाचं मशीन मिळालं. बाबाला आता तलावावरची बदकं ऐकू येतात, कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणून ती आनंदाने रडत होती. मीही तिला चांगलं झालं म्हटलं. पोरीचा काय गुन्हा.

एकदा बिरसीला ये. हे तुझ्याशी बोलणार नाहीत, पण मी जेवायला वाढीन. जेवल्यावर यांच्या खाटेजवळ बस. दर दोन तासांनी मी यांची कूस बदलते, एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली घालून. त्या वेळी यांच्या तोंडून जे निघतं ते मी सव्वा वर्षापासून ऐकून राहिली. शेजारच्या बायांनी ऐकलं आहे, प्रेरणाबाईंनी ऐकलं आहे. ज्याने ऐकायचं होतं त्याने ऐकलं नाही.

मशीन लावून ये. आणि मी यांना वळवीन तेव्हा ते कानातून काढू नको.

रुख्मा